रिमार्कच्या रकान्यातला गंज

१० जुलै २०२३ ला मी एका कागदावर न वाचता सही केली.

यात सांगण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. पण मी चिपळूणला आयकर आणि जीएसटीची कामं करते, १९ वर्षं झाली. समोर बसलेल्या माणसाने पेनचं टोपण काढून "कुठे करू मॅडम?" विचारलं की माझ्या तोंडून आपोआप "आधी वाचा" निघतं. काही जण माझ्या समाधानासाठी कागदावरून नजर फिरवतात. एक आंब्याचे व्यापारी तर चष्मा न लावताच वाचतात. आणि त्या दिवशी मी स्वतः चष्मा लावलेला असूनही वाचलं नाही. बाहेर पाऊस कोसळत होता, वीज गेलेली, लॅपटॉप बंद पडला म्हणून कंपनीचा मुलगा रत्नागिरीहून आला होता आणि त्याला पुढे गुहागर गाठायचं होतं. त्याने जॉब शीट, म्हणजे तपासणीत काय आढळलं ते लिहिलेला कागद, पुढे केली, बोटाने जागा दाखवली, मी सही ठोकली.

दोन दिवसांनी कळलं की त्या सहीची किंमत ४१,०६४ रुपये आहे.

आधीचा लॅपटॉप २२ जुलै २०२१ च्या पुरात गेला. माझं ऑफिस चिंचनाक्याकडे, तळमजल्यावर. पाणी ओसरल्यावर दार ढकललं तेव्हा टेबल उलटं होऊन कपाटाला टेकलं होतं आणि लॅपटॉप फायलींच्या लगद्यात रुतला होता. उचलला तर बिजागरीतून चिखल गळला. त्याबद्दल माझी कोणाकडेही तक्रार नाही. बुडालेल्या यंत्राला वॉरंटी नसते, विमा असला तर असतो, आणि माझा नव्हता. पण तेव्हापासून एक सवय लागली: दर महिनाअखेरीला सगळा डेटा एका हार्ड डिस्कवर उतरवायचा आणि ती डिस्क स्टीलच्या डब्यात घालून घरी पोटमाळ्यावर ठेवायची. सासूबाई म्हणतात, दागिने कपाटात आणि लोकांचे हिशेब माळ्यावर.

नवा लॅपटॉप दसऱ्याला घेतला, १५ ऑक्टोबर २०२१. दुकानही पुरातूनच उठलेलं. नवा रंग दिलेल्या भिंतीवर पाण्याची रेघ पुन्हा उमटून आली होती. ५६,५०० रुपये, त्यात एक वर्षाची वॉरंटी, वर ४,९९९ भरून आणखी दोन वर्षं. 'ऑनसाइट' म्हणजे माणूस आपल्याकडे येणार. दुकानातल्या पोऱ्याने अर्ध्या तासात सगळं चालू करून दिलं. "काकू, ईमेल आयडी सांगा," म्हणाला होता. मी कोणाशी तरी फोनवर बोलत होते, हाताने 'तूच कर' अशी खूण केली. हा पोरगा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

घरी येऊन कंपनीच्या वेबसाइटवर सिरियल नंबर टाकला तर वॉरंटी ऑगस्टपासूनच सुरू झालेली! म्हणजे माल कारखान्यातून निघाला तेव्हापासून. दुकानाच्या फळीवर पडून होता ते दोन महिने माझ्या खात्यात. बिलाची प्रत पाठवल्यावर तारीख आठवड्यात बदलून मिळाली. नवीन लॅपटॉप घेतलेल्या प्रत्येक अशिलाला मी हे तपासायला लावते. दहांत चार जणांची तरी तारीख चुकलेली निघते.

तर, ४ जुलै २०२३. सकाळी बटण दाबलं, काही नाही. चार्जर लावला की त्याचा दिवा लागायचा, विझायचा, लागायचा, विझायचा, दम लागलेल्या माणसासारखा. आयकर रिटर्नची मुदत ३१ जुलै आणि माझ्याकडे दोनशेच्या वर फायली. हे गणित ज्यांना कळतं त्यांना पुढचं काही सांगायला नको.

टोल फ्रीवर हिंदीसाठी दोन, लॅपटॉपसाठी तीन, असं दाबत दाबत एका मुलीपर्यंत पोचले. ती गोड होती, पण तिच्यापुढे एक यादी होती आणि ती यादी सोडून तिला हलता येत नव्हतं. "मॅडम, बॅटरी निकालिए." म्हटलं, बाई, ही बॅटरी आतली आहे, दहा स्क्रू काढल्याशिवाय निघत नाही. "ठीक है मॅडम, तो बॅटरी निकालके तीस सेकंड पॉवर बटन दबाइए." शेवटी मी "हां, निकाली" असं खोटं बोलले तेव्हा गाडी पुढे सरकली. तक्रार क्रमांक मिळाला. ऑनसाइट कधी येणार विचारलं तर म्हणाली, आपका पिनकोड दूर का है.

माझा भाचा हिंजवडीला नोकरी करतो. त्याच्या लॅपटॉपचा कीबोर्ड बिघडला तेव्हा दुसऱ्या दिवशी अकरा वाजता इंजिनीअर त्याच्या टेबलाशी येऊन बदलून गेला. तोच ब्रँड, तोच 'ऑनसाइट' शब्द. फरक इतकाच की त्याच्या कंपनीने हजारभर लॅपटॉप एकदम घेतलेत आणि मी एक. पत्रकात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, की सेवेचा कालावधी ठिकाणानुसार बदलेल. ते मी घेताना वाचलं होतं, खोटं कशाला बोलू. आपण त्यात मोडतो हे लक्षात आलं नव्हतं.

सहा दिवसांनी तो मुलगा आला. चोवीस-पंचवीसचा, रेनकोटमधून पाणी ठिबकत होतं, पण बॅग मात्र कोरडी. चहा देईपर्यंत त्याने मागचं झाकण उघडलंही होतं. त्याच्याशी बोलताना कळलं की तो कंपनीचा नोकर नाहीच, कंपनीने ज्यांना काम दिलंय त्यांचा माणूस, आणि त्यालाही कॉलमागे पैसे. कॉल बंद झाला तर. सकाळी खेडचा एक केला, आता माझा, मग गुहागर. मोबाईलच्या उजेडात त्याने आतले सात-आठ फोटो काढले, बोर्ड, म्हणजे आतली मुख्य सर्किटची पाटी, गेलाय म्हणाला, जॉब शीट लिहिली, सही घेतली, एक प्रत दिली आणि गेला. जाताना माझ्या विनंतीवरून फोटोही व्हॉट्सअपवर टाकून गेला. हे मी का मागितलं ते आजही सांगता येत नाही, बहुधा व्हाउचर मागायची सवय. पण नंतर सगळं त्या फोटोंवरच फिरलं.

१२ तारखेला ईमेल आलं. तुमच्या यंत्रात गंज आढळला आहे, हे सीआयडी प्रकारात मोडत असल्याने वॉरंटी लागू होत नाही, बोर्ड बदलण्याचा खर्च ३४,८०० अधिक १८ टक्के जीएसटी. सीआयडी म्हटल्यावर आमच्याकडे पोलीस आठवतात. इथे त्याचा अर्थ ग्राहकाने केलेलं नुकसान. म्हणजे आरोपी मीच. सोबत माझ्याच सहीची जॉब शीट जोडलेली. रिमार्कच्या रकान्यात इंग्रजीत चार शब्द: पॉवर जॅकजवळ गंजाच्या खुणा. खाली छापील ओळ, की वरील निरीक्षण मला मान्य आहे. त्याखाली माझी लफ्फेदार सही.

मी आधी काय केलं असेल तर घसारा काढला, म्हणजे वापरामुळे वस्तूची पुस्तकातली किंमत किती उतरली ते. संगणकावर घसारा ४० टक्के. पहिल्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापर, म्हणून निम्मा, २० टक्के. ५६,५०० चे ४५,२०० झाले, पुढच्या वर्षी ४० टक्के जाऊन २७,१२०. म्हणजे माझ्या पुस्तकात ज्या वस्तूची किंमत २७,१२० आहे तिच्या दुरुस्तीला ४१,०६४. नवऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला, "मग विकून टाक त्यांनाच."

कोकणात गंज लागतो, हे कोणाला सांगायला नको. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, काडेपेटीच्या वीस काड्या ओढल्या की एक पेटते, कपाटात ठेवलेल्या चपलांवर बुरशीची लव येते. म्हणून तर मी लॅपटॉप रात्री कपाटात ठेवते, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. त्या पुड्या मी महिन्याला तव्यावर गरम करून पुन्हा वापरते, याला घरात हसतात. त्यामुळे गंज हा शब्द वाचून मला राग येण्याआधी लाज वाटली. खरंच लागला असेल तर? एक संध्याकाळ मी असंच समजून चालले होते.

बाजारपेठेत एक दुरुस्तीवाला मुलगा आहे. पुरानंतर त्याने अर्ध्या गावाचे मोबाईल आणि लॅपटॉप अल्कोहोलने धुऊन, वाळवून, जमतील तेवढे जिवंत केले. दुकान म्हणजे जिन्याखालचं खोपटं. त्याच्याकडे लॅपटॉप घेऊन गेले तर हातसुद्धा लावला नाही. "काकू, मी उघडला तर तुमची वॉरंटी उरलीसुरली पण जाईल. फोटो आहेत का?" फोटो मोठे करून करून बघितले आणि एका ठिकाणी थांबला. "हा गोल ठिपका बघा, पांढरा. हा स्टिकर पाणी लागलं की लाल होतो. दोन आहेत तुमच्या बोर्डावर, दोन्ही पांढरे. पाणी गेलंय कुठे मग?" मी विचारलं, गंज? तो म्हणाला, फोटोवरून तो सांगणार नाही, पण जॅकजवळ जे पांढरट दिसतंय ते त्याला गंजासारखं वाटत नाही. वर म्हणाला, चार्जरचा दिवा असा धडधडतो तेव्हा बहुतेकदा चार्जिंगच्या लाइनवर एखादा कपॅसिटर शॉर्ट झालेला असतो. तांदळाच्या कणीएवढा भाग. तो शोधून बदलायचे तो हजार-बाराशे घेतो. कंपनीवाले असलं बारीक काम करत नाहीत, ते अख्खा बोर्डच बदलतात, म्हणून चाळीस हजार.

हे ऐकल्यावर मी दहा मिनिटं खरोखर विचारात पडले. बाराशेत सुटत होते! पण १५ महिन्यांची वॉरंटी शिल्लक होती, तिचे पैसे भरले होते, आणि खरं सांगायचं तर आता ते 'मला मान्य आहे' मला मान्य नव्हतं.

शेजारी वकीलसाहेब राहतात. ग्राहक आयोगातली कामं करतात. त्यांचा पहिला प्रश्न कायद्याचा नव्हता. "वहिनी, बिल कुणाच्या नावावर?" बिल माझ्या फर्मच्या नावावर. ते म्हणाले, मग पहिला मुद्दा ते हाच काढतील की वस्तू धंद्यासाठी घेतली, तुम्ही ग्राहकच नाही. त्याला उत्तर कायद्यातच आहे: स्वयंरोजगाराने, केवळ स्वतःच्या पोटापाण्यासाठी वस्तू वापरणारा हा ग्राहकच धरला जातो. मी एकटी, हाताखाली माणूस नाही, त्यामुळे बसते. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार मी राहते त्या जिल्ह्यात, म्हणजे रत्नागिरीलाच करता येते, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षं. "पण," ते म्हणाले, "तुमचं रिटर्नचं काम या महिन्यात आहे आणि आयोगाची तारीख पडायलाच महिने जातील. आधी पत्र लिहा."

मी ईमेलचा मसुदा केला होता, तीन मुद्द्यांचा. तिसऱ्या मुद्द्याचा मला फार अभिमान होता. कंपनीच्याच माहितीपत्रकात लिहिलंय की हे यंत्र ९० टक्के आर्द्रतेपर्यंत चालतं, मग कोकणातल्या हवेचं कारण कसं देता? वकीलसाहेबांनी तो खोडला. "जुलैत चिपळूणची आर्द्रता पंच्याण्णवला जाते, वहिनी. त्यांनी हवामान खात्याचा आकडा काढला तर तुम्हीच सापडाल." दोन मुद्दे उरले: दोन्ही स्टिकर पांढरे आहेत, फोटो जोडला आहे. आणि 'गंजाच्या खुणा' या निरीक्षणाची दुसऱ्या इंजिनीअरकडून फेरतपासणी करावी. सहीबद्दल एक ओळ घातली, की ती भेट झाल्याची पोच म्हणून केली, निष्कर्ष तोवर कळवलेलाच नव्हता. ही ओळ लिहिताना कान लाल झाले. अशिलांनी असं काही सांगितलं की मी त्यांना काय ऐकवते ते आठवलं.

उत्तर चार तासांत: आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, धोरणानुसार निर्णय कायम. चार तासांत फोटो कोणी उघडूनही पाहिला नसणार. मग १९१५ वर फोन केला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथे मराठीत बोलता येतं. त्यांना निकाल देण्याचा अधिकार नाही, ते फक्त तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवतात. पण कंपनीत ती नेहमीच्या खिडकीतून आत जात नाही, दुसऱ्या माणसाच्या टेबलावर पडते. १३ ला नोंदवली, १७ ला त्या दुसऱ्या माणसाचा फोन. फेरतपासणी करू, मात्र यंत्र कोल्हापूरच्या केंद्रात आणून द्यावं लागेल. 'ऑनसाइट'चं काय, हे विचारायचं मी टाळलं.

१८ तारखेला सकाळची कराड एसटी. लॅपटॉप आधी टॉवेलमध्ये, मग तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत, वरून सासूबाईंनी दिलेला जेवणाच्या टेबलाचा मेणकापडी तुकडा. पोफळी सोडली आणि कुंभार्ली घाटात धुकं इतकं की ड्रायव्हरने दिवे लावले. खिडकीच्या फटीतून पाण्याची धार आत. मी ती पिशवी तान्ह्या पोरासारखी छातीशी धरून बसले होते. हा कधीच भिजला नाही हे सिद्ध करायला निघाले होते, आणि वाटेत भिजला तर! हेळवाक, पाटण, कराडला गाडी बदलून कोल्हापूर. सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरून परीख पुलाखालून राजारामपुरी. पुलाखाली घोटाभर पाणी.

केंद्रात टोकन घेऊन दोन तास बसले. माझ्या शेजारी गडहिंग्लजचा एक मुलगा होता, त्याच्या लॅपटॉपची बिजागरी उघडताना कडकन तुटली होती, प्लास्टिकचे कान निघून आले होते. त्याला सांगत होते की हे फिजिकल डॅमेज, वॉरंटीत नाही. तो एवढंच म्हणत होता, "मी फक्त उघडला ओ. उघडायचा नाही तर काय करायचा?" याला काउंटरवरच्या मुलीकडे उत्तर नव्हतं. पलीकडे एक निवृत्त मास्तर, बॅटरी फुगून टचपॅड वर आलेलं. यंत्राची वॉरंटी तीन वर्षं, बॅटरीची एकच, हे त्यांना त्या दिवशी कळलं. ते भांडले नाहीत. खिशातून छोटी डायरी काढून त्यांनी ते लिहून घेतलं. फुगलेली बॅटरी घेऊन ते बसने परत जाणार होते म्हणून मी त्यांना निदान बॅटरी इथेच काढून ठेवायला सांगा म्हटलं, तर काउंटरवाली म्हणाली, त्याचा वेगळा चार्ज पडेल. मग आतून एक जण आला आणि पैसे न घेता काढून दिली. हे दोन्ही एकाच केंद्रात, पाच मिनिटांच्या अंतराने.

तो आतून आलेलाच माझा इंजिनीअर निघाला. पन्नाशीचा, कानावर पेन. जॉब शीट वाचली, झाकण उघडलं, भिंगाचा दिवा खाली ओढला.

"कुणी लिहिलंय ओ हे?"

मी म्हटलं, लिहिलंय त्यांनी, सही माझी आहे.

"ताई, गंज कुठला ह्यो? फ्लक्स आहे की." कापसाची काडी अल्कोहोलमध्ये बुडवून त्याने जॅकजवळचा तो पांढरा थर पुसला. काडी मळली, खालचं तांबं लखलखीत. कारखान्यात सांधा जोडताना जे लावतात त्याचा उरलेला थर, म्हणाला. खरा गंज असता तर हिरवा-निळा दिसला असता आणि पुसून गेला नसता, धातू खाल्लेला दिसतो. मग मीटर लावून मिनिटभरात बोर्डावर एका जागी टोक टेकवलं आणि तो टींऽऽ वाजला. कपॅसिटर शॉर्ट. जिन्याखालच्या आमच्या मुलाने व्हॉट्सअपच्या फोटोवरून सांगितलं होतं तेच. मी विचारलं, एवढाच भाग बदलून देता येईल का? हसला. "मला येतंय ताई, पण इथं बसून करता येत नाही. नियम नाही. अख्खा बोर्ड मागवायचा, हा परत पाठवायचा."

नवी जॉब शीट लिहून झाली. मी चष्मा लावून, उभी राहून, पाठीमागच्या अटींसकट वाचली. मागे लाइन लागली होती, लागू दे. रिमार्कमध्ये त्याने 'बोर्ड निकामी, बदलणे' एवढंच लिहिलं होतं. मी म्हटलं, गंज नाही हेही लिहा, आणि स्टिकर पांढरे आहेत हेही. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, पेन कानावरून काढलं आणि लिहिलं. मग मी सही केली. लॅपटॉप त्याने परतच दिला. बोर्ड आला की तुमच्या घरी माणूस येऊन बसवेल, तोवर इथे का ठेवता, म्हणाला. तिथे रांगेत तीसेक लॅपटॉप रॅकवर होते, प्रत्येकावर चिठ्ठी, काहींच्या चिठ्ठ्या पिवळ्या पडलेल्या.

मधल्या दिवसांत मी मुलीच्या लॅपटॉपवर काम करत होते. पोटमाळ्यावरच्या डब्यातली ३० जूनची हार्ड डिस्क होती, त्यामुळे चार दिवसांची नोंदच काय ती पुन्हा करावी लागली. ज्यांच्याकडे अशी डिस्क नसते ते लोक केंद्रात काउंटरवर हात जोडताना मी पाहिलेत. दुरुस्तीत डेटा गेला तर कंपनी जबाबदार नाही, हे प्रत्येक जॉब शीटच्या मागे असतं, आणि ती अट निदान लपवलेली नसते.

२६ ला बोर्ड आला. घेऊन कोण आला असेल? तोच, रत्नागिरीचा मुलगा. दारात जरा घुटमळला. मी काही बोलले नाही, चहा टाकला. काम मात्र त्याने सुरेख केलं, एकेक स्क्रू कागदावर चित्र काढून त्यावर मांडून ठेवत होता. नव्या बोर्डात यंत्राचा सिरियल नंबर भरावा लागतो, नाही तर पुढच्या वेळी कंपनीच्या लेखी हा लॅपटॉप अस्तित्वातच नसतो. हे मला दुरुस्तीवाल्याने बजावलं होतं. मी विचारण्याआधीच त्याने भरला आणि दाखवला. बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला, आणि पडद्यावर निळ्या रंगात: ४८ आकड्यांची रिकव्हरी की टाका.

बिटलॉकर. डिस्कला कुलूप, आणि ते कुलूप जुन्या बोर्डावरच्या चिपला ओळखणारं. बोर्ड नवा म्हटल्यावर त्याने आम्हाला चोर समजणं बरोबरच होतं. किल्ली कुठे असते? लॅपटॉप ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर सुरू केला, त्या खात्यात. आणि ते खातं कोणाचं? दसऱ्याच्या दिवशी मी हाताने खूण केली होती, 'तूच कर'. त्याने स्वतःचंच घातलं होतं.

दुकानात फोन केला तर तो पोरगा दीड वर्षापूर्वीच नोकरी सोडून मडगावला हॉटेलात लागलेला. दुकानदाराने नंबर शोधून दिला. नशीब, पासवर्ड त्याला आठवत होता. पण खातं उघडून म्हणाला, "काकू, इथे तर सतरा किल्ल्या आहेत!" पुरानंतरच्या त्या दोन महिन्यांत चिपळूणच्या सतरा लोकांचे लॅपटॉप त्याने स्वतःच्या एकाच खात्यावर सुरू करून दिले होते. पडद्यावर किल्लीची खूण असते, त्यावरून माझी कोणती ते जुळवलं. मग सुरू झालं आकडे सांगणं, सहा-सहाचे आठ गट, पावसात तुटणाऱ्या फोनवर. तो जोडीने सांगायला लागला, "एकोणसाठ, त्र्याण्णव..." मी ऐकलं एकोणसत्तर. पहिला गटच चुकला. म्हटलं, बाबा रे, सुटे आकडे सांग, शाळेत हजेरी घेतात तसे. रत्नागिरीचा मुलगा वहीत लिहीत होता, मी मोठ्याने परत म्हणत होते, तिकडे मागे भांड्यांचा खडखडाट. तिसऱ्या खेपेला उघडलं.

बाकीच्या सोळांना मी त्या आठवड्यात फोन केले. किल्ली काढून कागदावर लिहून घ्या म्हटलं. अकरा जणांनी "कसली किल्ली?" विचारलं, दोघांनी लॅपटॉप विकलाच होता.

३१ तारखेला शेवटचं रिटर्न रात्री सव्वादहाला गेलं. मुदत वाढली नाही त्या वर्षी.

रत्नागिरीच्या त्या मुलाला मी २६ ला निघताना विचारलंच, गंज का लिहिलंस? तो खरं बोलला. त्याला वरून सांगितलेलं असतं की पावसाळ्यात, किनारपट्टीत, काही पांढरं-हिरवं दिसलं तर लिहायचं, नाही लिहिलं आणि नंतर सापडलं तर बोर्डाचे पैसे त्यांच्या एजन्सीवर येतात. लिहिलं आणि चुकलं तर त्याला कोणी काही म्हणत नाही. मग आणखी काही विचारावंसं वाटलं नाही. जाता जाता त्याने विचारलं, "मॅडम, माझे कॉलचे पैसे देताना टीडीएस कापतात, तो परत मिळतो का?"

तर २०२४ पासून तो माझा अशील आहे. उत्पन्न कराच्या मर्यादेत नाही, कापलेला एक टक्का सगळा परत. त्या वर्षी दिवाळीनंतर त्याचा फोन आला, पैसे जमा झाले म्हणून. तोवर लॅपटॉपची वॉरंटी संपली होती, वाढवून घ्या असे कंपनीचे मेसेज रोज येत होते आणि पंखा घरघरायला लागला होता. मी तेवढ्यात विचारून घेतलं. म्हणाला, "वॉरंटीत नाही ना आता? मग मीच साफ करून देतो. शुक्रवारी गुहागरला यायचंय."

शुक्रवारी आला. कागद काही बनवला नाही, दोघांनीही.